पाणी हललं पाहिजे

बाबल घाडी बेस गिटारचा अँप्लिफायर बघायला निघाला, तेव्हा त्याच्या खांद्याला गिटार होती आणि हातातल्या कापडी पिशवीत पितळेचा एक पेला होता. गिटारचं मी समजू शकत होतो. पेल्याचं विचारलं तर म्हणाला, "लागतो."

दादरच्या त्या वाद्यांच्या दुकानात शिरल्याबरोबर त्याने आधी चपला काढल्या. दुकानदार खूश झाला. गिऱ्हाईक भाविक आहे, दुकानात देवळात आल्यासारखं येतं, असं त्याला वाटलं असावं. मग बाबलने पेला काढून पाणी मागितलं. दुकानदाराने स्वतः उठून माठातलं गार पाणी ओतलं. बाबलने ते प्यायचं सोडून अँपच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं, गिटारची वायर जोडली, सगळ्यांत जाड तार छेडली आणि उकिडवा बसून पेल्यात टक लावून बघू लागला. दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी मधूकडे बघू लागलो. मधू आमच्या ऑर्केस्ट्राचा लीडर, त्याने छताकडे बघितलं.

"आवाज कसा वाटला?" दुकानदाराने शेवटी विचारलं.

"आवाज चांगलाय," बाबल म्हणाला. "पण पाणी हलत नाय."

आणि पाणी दारातल्या कुंडीत ओतून, पेला पुसून, चपला घालून तो बाहेर पडला. आम्ही दोघं मागे उरलो आणि दुकानदाराची समजूत काढत बसलो. बाबलबरोबर कुठेही गेलं की हे समजूत काढायचं काम आपल्याकडे येतं, हे मला चाळीतल्या शेजारामुळे लहानपणापासून माहीत होतं.

आमचा ऑर्केस्ट्रा लालबागचा. नाव सांगत नाही, कारण ते दर मोसमाला बदलायचं. मधू गायचा आणि सगळ्यांवर ओरडायचा. मी दिवसा गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि संध्याकाळी निवेदन करायचो. म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचो. मधूच्या मते गाण्यांच्या मध्ये कमी आणि गाण्यांवर जास्त बोलायचो. मला बोलायला आवडतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उरलेले बहुतेक वादक गिरणीतले. संप सुरू झाला तेव्हा "आता दोन महिने प्रॅक्टिस तरी नीट होईल" असं आमचा ड्रमवाला म्हणाला होता. दोन महिने कधीच मागे पडले. संपात दुसरे गणपती आले तरी प्रॅक्टिस चालूच होती आणि गिरण्या बंदच होत्या.

बाबल आमचा बेसवाला. बेस गिटार म्हणजे काय, हे मी कित्येक कार्यक्रमांत समजावून सांगितलं असेल, लोकांना ते कधीच कळलं नाही. चार जाड तारांची गिटार असते, गाण्याच्या तळाशी धम्‌ धम्‌ करत असते. बासरी वाजली की लोक मान डोलावतात, ढोलकी वाजली की शिट्ट्या मारतात. बेस वाजला की शेजारच्याला विचारतात, "तो मागचा माणूस काय करतोय?" मी कलाकारांची ओळख करून द्यायचो तेव्हा बाबलचं नाव शेवटी यायचं. तोपर्यंत टाळ्या संपलेल्या असायच्या. पेपरात एकदा आमचा फोटो आला, त्यात बाबलचं कोपर आलं होतं. ते कात्रण त्याने घरात लावलं होतं. पाहुण्यांना कोपर दाखवायचा.

एकदा त्याला सांगून आलेल्या मुलीचे वडील कार्यक्रमाला आले. संपल्यावर स्टेजमागे येऊन म्हणाले, "तुम्ही दिसलात, पण ऐकू नाही आलात."

"मी थांबलो असतो तर ऐकू आलो असतो," बाबल म्हणाला.

ते सद्‌गृहस्थ थोडा वेळ विचार करत उभे राहिले आणि मग निघून गेले. ते स्थळ पुन्हा आलं नाही. दुसरंही फारसं कुणी आलं नाही. आई लहानपणीच गेलेली, बहीण देवगडला दिलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बाबल आणि त्याचे वडील अण्णा, असे दोघंच राहायचे. आम्ही त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर.

अण्णांची ओळख इथेच करून देतो. आमच्या चाळीच्या भिंतीला लागूनच गिरणी होती आणि अण्णा त्या गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे माग. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, त्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येण्याची सोय नसायची. त्यामुळे साचेवाले आवाज न काढता बोलायचे. ओठ मोठे मोठे करून, गालाचे, भुवयांचे आविर्भाव करून. समोरचा ओठ वाचायचा. नोकरीत अण्णांचे कान हळूहळू पार गेले आणि ही बिनआवाजाची भाषा घरी आली. बाबलला ते शिव्या घालायचे तेव्हा खोलीतून चकार शब्द बाहेर यायचा नाही, पण दारावरून जाणाऱ्याला शिवी न्‌ शिवी कळायची. चाळीतल्या आम्हा सगळ्या पोरांना ती भाषा येत होती. शाळेत परीक्षेच्या वेळी तिचा फार उपयोग झाला.

बाबल त्याच गिरणीत बदलीवर, म्हणजे कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी, लागला होता. अण्णांचं म्हणणं, पोराने चांगला साचेवाला व्हावं. पोराने पहिल्या साठवलेल्या पैशांतून जुनी बेस गिटार आणली. अण्णांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि ओठांनी विचारलं, "जा ऐकाक येना नाय, ता वाजवतंस कित्याक?"

हे विचारणारा माणूस ठार बहिरा होता, ही गंमत आम्हाला कळत होती, पण हसायची कुणाची हिंमत नव्हती. बाबल तारा जुळवत बसला. तो मुळातच कमी बोलायचा. मी बोलतो आणि तो ऐकतो, अशी आमची मैत्री वर्षानुवर्षं सुखाने चालली होती.

तर अँपची गोष्ट. आमचा जुना अँप नायगावच्या कार्यक्रमात जळाला. ऐन गाण्यात त्यातून ठिणग्या उडाल्या आणि धूर निघाला. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी वन्समोअर दिला. गणपती तोंडावर आले होते. संपामुळे मंडळांच्या वर्गण्या आटलेल्या, होते नव्हते तेवढे कार्यक्रम हातचे गेले तर आमच्यातल्या काही घरांत चूल पेटणं कठीण होतं. तेव्हा अँप लगेच हवा होता. मधूच्या अटी साध्या होत्या. मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे, टॅक्सीच्या डिकीत मावला पाहिजे आणि एका माणसाला उचलता आला पाहिजे. कुणालाही पटाव्यात अशाच अटी होत्या.

बाबलची अट एकच. पाणी हललं पाहिजे.

दादरचं दुकान असं गेलं. दुसरा अँप गिरगावात एका जुन्या ख्रिस्ती वादकाकडे होता. म्हातारा लग्नांच्या बँडमध्ये आयुष्यभर वाजवलेला, बोटं आखडल्यामुळे सामान काढत होता. त्याने बाबलला प्रेमाने बसवलं. अँप छोटासा, सुबक, आवाज तर असा गोड की मधूने मनातल्या मनात तो विकतही घेतला. बाबलने पेला काढला. म्हाताऱ्याने इतकी वर्षं संगीतात काढली होती, त्याला कशाचंच नवल राहिलं नव्हतं. त्याने मुकाट्याने पाणी आणून दिलं.

"थोडं हललं," मी म्हणालो. मला घरी जायचं होतं.

"ही लादी हाय," बाबल म्हणाला. "लादीवर नाय कळत. अंकल, वर माळा हाय काय? फळ्यांचा?"

माळा होता. शिडीवरून अँप वर गेला, मागून पेला गेला, मागून बाबल गेला. खालून आम्ही तिघं मान वर करून बघत होतो. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "नाय."

मधू रस्त्यात येऊन ओरडला, "अरे आपल्याला गणपतीत वाजवायचंय की पाणपोई चालवायचीय?" बाबलने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

एव्हाना 'पाणी हलत नाय' हे आमच्या चाळीत सर्वतोमुखी झालं होतं. गिरणीच्या गेटवर कुणा पुढाऱ्याचं भाषण झालं की लोक बाबलकडे बघायचे आणि तो मान हलवायचा, "बोलला बरा. पण पाणी नाय हललं." आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदाने, एकदा सोलकढी केली. मी एक घोट घेऊन सहज तेच म्हणालो. पुढचे दोन दिवस मला जेवण वाढलं गेलं ते निव्वळ कर्तव्य म्हणून.

तिसरा अँप लोअर परळला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सापडला. त्याला अँप म्हणावं की कपाट, हा प्रश्न होता. बंद पडलेल्या एका थिएटरचा भलामोठा स्पीकर त्याने सागवानी खोक्यात बसवला होता. आवाज दबका. दारात उभं राहिलं तर धड ऐकूही येत नव्हता. दुकानात पोटमाळा नव्हता, पण लाकडी फळ्यांचा एक चौथरा होता. बाबलने चपला काढल्या, चौथऱ्यावर उभा राहिला, पेला ठेवला आणि जाड तार छेडली.

मला फारसं काही ऐकू आलं नाही. पण पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उमटली, काठाशी जाऊन विरली, पुन्हा उमटली. बाबल खाली बसला. त्याने फळीवर हात ठेवला, मग चक्क गाल टेकला. उठला तेव्हा तो हसत होता. त्याला असं हसताना मी क्वचितच बघितलं होतं.

"हाच," तो म्हणाला.

"ह्याचा आवाज पहिल्या रांगेत जाणार नाही!" मधू म्हणाला. "आणि हा उचलणार कोण? चार माणसं लागतील!"

"मी उचलीन."

"रोज?"

"जाताना मी नेईन, येताना मी आणीन. आणि माझ्याच घरी ठेवीन."

आमचं बाकी सगळं सामान मधूच्या घराखालच्या खोलीत राहायचं. तिसऱ्या मजल्यावर हा सागवानी हत्ती चढवायचा हट्ट कशासाठी, ते कुणालाच कळेना. पण गणपती उंबरठ्यावर होते आणि दुसरा बेसवाला मिळण्यासारखा नव्हता. मधूने कपाळाला हात लावून होकार दिला. बाबल तेव्हा शिवडीच्या गोदामात सकाळच्या पाळीला पोती मोजायला जायचा. तिथल्या ओझेवाल्यांकडून त्याने पाठीवर दोरी बांधून वजन पेलायची पद्धत शिकून घेतली. कार्यक्रम संपला की आम्ही चहाला जायचो आणि बाबल पाठीवर कपाट घेऊन एकेक पायरी चढायचा. जिन्यात समोरून कुणी आलं तर त्याला वरपर्यंत परत जावं लागायचं.

नव्या अँपने कार्यक्रम कसे झाले? मधू म्हणाला होता तसेच. लांबच्या लोकांना बेस आधीही ऐकू येत नव्हता, आताही येईना. मात्र स्टेजच्या फळ्या थरथरायच्या. निवेदकाच्या स्टुलावर माझ्यासाठी पाण्याचा ग्लास असतो, तो हळूहळू सरकत कडेला यायचा. बोलता बोलता एक हात ग्लासावर ठेवायची सवय मला तेव्हा लागली.

खरा त्रास घरी सुरू झाला. माझी छापखान्यात सकाळची पाळी असली की मी दुपारी घरी असायचो. जेवून जरा आडवं व्हावं तर वरच्या तक्तपोशीतून सुरू व्हायचं, धम्‌ खट धम्‌, धम्‌ खट धम्‌. गाणं असतं तर निदान कुठलं ते ओळखण्यात वेळ गेला असता. हे एकच एक. आवाज फार नव्हता, पण सगळी खोली आतून हलायची. देवांच्या तसबिरी वाकड्या व्हायच्या. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षांची धूळ आमच्या चहात पडायची. सुनंदा म्हणाली, "इतके दिवस सोलकढीत पाणी हलत नव्हतं ना? आता बघा, बशीतला चहापण हलतोय."

गणपती झाले, नवरात्र झालं, धूळ पडतच होती. एका दुपारी भातात पडली. मी बनियनवर तसाच उठून वर गेलो. जाताना जिन्यात मुद्दे जुळवले, सुरुवात आणि शेवट ठरवला. निवेदक असल्याचा हा एक फायदा असतो.

दार उघडंच होतं. बाबल उंबरठ्याला पाठ लावून खाली बसला होता, गिटार मांडीवर. अँप तोंड खाली करून दोन पाटांवर पालथा घातलेला. आणि जमिनीवर, चटईसुद्धा न घेता, अण्णा एका कुशीवर झोपले होते. गाल फळीला लावलेला, तळहात फळीवर पसरलेला. उशाशी तो पितळेचा पेला होता. त्यातलं पाणी सारखं हलत होतं.

मी तोंड उघडलं. बाबलने मान हलवून थांबवलं.

"हळू."

"अरे, त्यांना कुठे ऐकू येतंय?"

"पाय हळू टाक. पाय कळतात त्याला."

मी भिंतीला टेकून बसलो. न थांबता, न बघता, वाजवत वाजवतच बाबलने मला सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं. गिरणी चालू होती तोवर भिंतीपलीकडे साचे चालायचे आणि ही जमीन सतत थरथरत असायची. अण्णा उभं आयुष्य त्या थरथरीवर झोपले. उशाशी पाण्याचा पेला ठेवायचे, त्यातलं पाणी हलतंय ते बघायचे आणि डोळे मिटायचे. संप झाला, जमीन थांबली आणि अण्णांची झोप गेली. रात्र रात्र बसून राहायचे. पेल्यातल्या पाण्याकडे बघत. मग जेवण कमी झालं, पाय लटपटायला लागले, जिना उतरणं बंद झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने नुसती गुंगी यायची.

"पहिल्या दिवशी अँप असा पालथा घातला," बाबल म्हणाला, "साच्यासारखा ठेका धरला. तो दचकून उठला रे. जमिनीवर हात ठेवला. मग मला विचारलं, सुरू झाली काय? माझे दोन्ही हात तारांवर. हात काढला तर सगळं थांबणार. मी मान हलवली. होय म्हटलं." त्याने हनुवटीने अण्णांकडे खूण केली. "लगेच झोपला. किती दिवसांनी झोपला असेल."

तेव्हापासून रोज दुपारी गोदामातून आला की बाबल गिरणी चालू करायचा. रविवारी वाजवायचा नाही. मला इतके दिवस वाटायचं, रविवारी शेजाऱ्यांची दया येते त्याला. कारण वेगळंच होतं. रविवारी गिरणीला सुट्टी असते.

"कुणी त्याला सांगितलं तर?" मी विचारलं.

"कोण सांगणार? खाली तो उतरत नाय. वर येणाऱ्याला मी दारातच सांगतो." तो थांबला, पण हात थांबले नाहीत. "बापाला फसवतोय रे मी. पण काय करू?"

त्याने डोळे मिटून मान मागे टेकली आणि वाजवत राहिला. मी अण्णांकडे बघितलं तर त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडेच बघत होते. गाल फळीवर तसाच ठेवून त्यांचे ओठ हलायला लागले, साचेखात्यातल्यासारखे, मोठे मोठे आणि बिनआवाजाचे.

"गिरण बंद आसा. माका म्हायत आसा."

मी बाबलकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

"साचो असो वाजना नाय," अण्णांचे ओठ म्हणाले. "ह्यो मधी मधी गाणा घालता." आणि तो म्हातारा हसला, दात नसलेलं, लबाड हसू. "माका बरा वाटता. तेका सांगा नको. सांगलंस तर वाजवचो नाय."

मी मान हलवली. अण्णांनी डोळे मिटले. मी पाय न वाजवता खाली आलो आणि भातातली धूळ बाजूला काढून जेवलो. सुनंदाने विचारलं, "बोललात का?" मी म्हणालो, "नाही." मी कुठेतरी जाऊन बोललो नाही, हे तिला अजिबात खरं वाटलं नाही.

त्यानंतर दुपारी मी मुद्दाम कान देऊन पडायचो. अण्णांचं खरं होतं. धम्‌ खट धम्‌च्या मध्ये कुठेतरी बोट घसरायचं आणि एखाद्या गाण्याची ओळ येऊन जायची. बाबलला ते कळतही नसावं.

पुढच्या गणपतींच्या आधी अण्णा गेले. दुपारीच गेले, झोपेत, फळीवर गाल ठेवून. बाबलच्या लक्षात यायला वेळ लागला. तो बराच वेळ वाजवत होता.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याने कपाट पाठीवर घेतलं, तिन्ही जिने उतरवलं आणि मधूच्या सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. "आता हितंच राहू दे," म्हणाला. मग मला म्हणाला, "ह्या गणपतीत वाजवतो. मग दुसरा बघा." मी कारण विचारलं. त्याने खोक्याची दोरी सोडून गुंडाळली. मग म्हणाला, "जाड तार छेडली की तोच डोळ्यांसमोर येतो. सुरू झाली काय, असं विचारतो. मरायला टेकलेल्या माणसाला वर्षभर खोटं सांगितलं मी. हात उचलत नाय आता."

मी पुष्कळ बोललो. तुझा हेतू चांगला होता, वगैरे. निवेदकाला असली वाक्यं तोंडपाठ असतात. बाबलने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त मान हलवली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पाणी हललं नव्हतं.

त्याला खरं सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. 'तेका सांगा नको' म्हणणारा माणूस आता नव्हता, आणि शब्द मी मान हलवून दिलेला होता. सांगितलं तर पोरगा वाजवायचं थांबेल म्हणून म्हाताऱ्याने माझं तोंड बंद केलं होतं, तेच आता न सांगितल्यामुळे होणार होतं. मी गप्प बसलो. मला गप्प बसायचा सराव नाही, त्यामुळे माझा रक्तदाब वाढला.

शेवटचा कार्यक्रम आमच्याच गल्लीत होता, फळ्यांचं स्टेज, समोर ओळखीची सगळी माणसं. गिरणीचं गेट तिथून दिसायचं, त्याच्या कडेला आता गवत आलं होतं. दिवेलागणीला सुरू झालो. बाबल नेहमीसारखा मागे, ड्रमच्या बाजूला, त्या सागवानी खोक्यापुढे अनवाणी उभा. शेवटचं गाणं जोरात सुरू झालं, ड्रम, ढोलकी, सगळं एकदम. मी स्टुलाशी उभा होतो. बाबलने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. तो निरोप घेतल्यासारखा बघत होता. मला राहवलं नाही.

एवढ्या आवाजात ओरडूनही उपयोग नव्हता. मी ओठ मोठे केले, अण्णांसारखे.

"अण्णांना माहीत होतं."

त्याने भुवया उचलल्या. काय?

"गिरण बंद आहे हे माहीत होतं. ते तुझं ऐकत होते." आणि मग अण्णांचेच शब्द, जसेच्या तसे, "ह्यो मधी मधी गाणा घालता. माका बरा वाटता."

बाबलचे हात थांबले.

गाण्याचा तळच गेला. ढोलकी चालू होती, ड्रम चालू होते, मधू गात होता, पण सगळं एकदम पोकळ झालं. पहिल्या रांगेतल्या बायका बोलता बोलता थांबल्या. लांब कठड्यावर बसलेली पोरं उठून उभी राहिली. गल्लीतली झाडून सगळी माणसं त्या मागच्या माणसाकडे बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा. मधू गाता गाता वळून ओरडला, "बेस कुठाय? अरे, बेस कुठाय?"

बाबल उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्याने पुसलंही नाही. माझेही डोळे भरून आले होते. मग त्याने अनवाणी पाय फळीवर नीट रोवले आणि हात तारांवर ठेवला.

मला पुढचं धड दिसत नव्हतं. सवयीने मी माझा ग्लास सावरायला हात पुढे केला. ग्लासातलं पाणी हलायला लागलं होतं.